केरीच्या विहिरीचा दोष

सोमवारी सकाळी कारापुरात पाय ठेवायला जागा नसायची. शेताच्या कडेला काजूच्या बागेला लागून मोठा मांडव घातलेला आणि मांडवाबाहेर पार रस्त्यापर्यंत माणसं. प्रत्येकाच्या हातात बाटली. कुणाची शीतपेयाची, कुणाची तेलाची घासून धुतलेली, कुणाची पोराच्या शाळेची. प्रत्येक बाटलीत आपापल्या घरच्या विहिरीचं पाणी. पणजीहून येणाऱ्या खाजगी बसचा कंडक्टर आता गावाचं नावही घेत नसे. "महाराज, महाराज, उतरा!" एवढंच ओरडायचा आणि अर्धी बस रिकामी व्हायची.

मांडवात उंच चौरंगावर सुवर्णजल महाराज बसलेले. अंगावर पिवळं रेशीम, कानामागून गालावर आलेला इवलासा माइक.

"पाणी बोलतं, बंधुभगिनींनो! पाण्याला मेमरी असते! तुमच्या पणजोबांनी काय पाप केलं ते तुम्ही विसरलात, तुमची विहीर विसरलेली नाही. परदेशातले सायंटिस्ट आता कुठे मशीन लावून शोधतायत. आपल्याला मशीन कशाला? आपली व्हायब्रेशन पुरे!"

शिष्य बाटलीतलं पाणी काचेच्या कोपात ओतायचा. महाराज त्यात चिमूटभर पांढरं भस्म टाकून चंदनाच्या काडीने ढवळायचे. मांडव श्वास धरून बसायचा. पाणी स्वच्छ राहिलं की महाराज हात वर करायचे, "निर्मळ घर!" मग चांदीच्या झारीतून पळीभर तीर्थ त्यात सोडायचे. तेही पाण्यासारखंच, रंग ना वास. पण ते कोपात पडलं की पाण्यात पिवळेधमक ढग उठायचे, बघता बघता सगळा कोप सोन्याचा व्हायचा. बायका हात जोडायच्या, पुरुष टोप्या काढायचे. ज्याचं पाणी तो ते तिथंच उभ्याने पिऊन टाकायचा.

आणि एखाद्याच्या पाण्यात नुसतं भस्म टाकताच ते दुधासारखं पांढरंफटक झालं, तर महाराज डोळे मिटून घ्यायचे. "दोष," हळूच म्हणायचे. माइकमुळे तो हळू शब्द रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जायचा.

शेवटच्या रांगेत सुमंगला उभी होती. डिचोलीच्या एका हायस्कुलात गेली तीस वर्षं ती रसायनशास्त्र शिकवत होती. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे दुखायला लागलेले. तिच्या धाकट्या भावाची, दत्तारामची बायको विनोदिनी तिला इथे घेऊन आली होती. "वन्सं, एकदा डोळ्यांनी बघा, मागीर काय ता बोला," असं म्हणून.

सुमंगलेने डोळ्यांनी बघितलं. तो पिवळा रंग तिच्या ओळखीचा होता. दरवर्षी दहावीच्या वर्गात ती स्वतः तो करून दाखवायची. दोन परीक्षानळ्या, दोन्हीत पाण्यासारखं दिसणारं द्रावण, एक दुसऱ्यात ओतलं की लख्ख पिवळा साका. पोरं खूश होऊन बाकं वाजवायची. पुढच्या आठवड्यात त्याचं सूत्र विचारलं की निम्मी पोरं चुकायची. प्रयोग झाल्यावर ती प्रत्येकाला साबणाने हात धुवायला लावायची, कारण त्या पिवळ्या साक्यात शिसं असतं.

"विनोदिनी," ती म्हणाली, "हे लोक हे पितात? रोज?"

"मग काय आंगाक लावतात? आमची सेजल दर सोमवारी पिता. घरी पण बाटली दिल्यानी हा, सकाळी एक पळी. दोन म्हयने झाले."

सुमंगला मांडवातून तशीच बाहेर पडली आणि भावाच्या घराकडे चालू लागली. विनोदिनी मागून हाका मारत राहिली.

सेजल दत्तारामची सून, गौरेशची बायको. माहेर केरीचं, पार समुद्राला टेकलेलं. बाप भिकाजी रापणीच्या जाळ्याने मासे ओढणारा. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली, पाळणा हलला नव्हता. सुमंगला आली तेव्हा ती स्वयंपाकघरात पाटावर बसून पोट दाबून धरत होती.

"काही नाही गो आत्ये, कळ येते आणि जाते."

"जेवतेस?"

"जेवण जातच नाही. तोंडात सारखी चव असते... गोड, पण लोखंड चाटल्यासारखी."

सुमंगलेने तिला उजेडात नेऊन ओठ वर करून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी शिशाची खूण होती, निळसर करडी रेघ. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती सेजलला पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रक्त घेतलं आणि रिपोर्ट बाहेरून यायला वेळ लागेल असं सांगितलं. "पण ते पाणी आजपासून बंद. एक थेंबही नाही."

परतीच्या बसमध्ये सेजलने सगळं सांगितलं. पहिल्या सोमवारी सासूने घरच्या विहिरीचं पाणी नेलं, ते सोन्याचं झालं. मग महाराज म्हणाले, सुनेच्या माहेरचं आणा. केरीच्या विहिरीचं आणलं, ते दुधासारखं झालं. "दोष माहेरचा आहे, तो सुनेच्या कुशीत बसलाय." उपाय म्हणून सोन्याचं पाणी. येत्या सोमवारी शेवटचा उतारा. त्यानंतरही दोष गेला नाही, तर सुनेला माहेरी पाठवा, नाहीतर या घराचीही विहीर काळी पडेल.

"आणि गौरेश काय म्हणतो?"

"ते काय म्हणतात? 'आईक दुखवू नको' म्हणतात." सेजलने खिडकीबाहेर बघितलं. "आत्ये, मी आता पिणार नाही. पण न पिता राहिले, तर दोष माझ्यावरच राहणार ना? मला त्या घरात राहायचं आहे."

सुमंगलेने डोळे मिटून घेतले. तिला आजवरचे सगळे बुवा आठवले. नारळातून केस काढणारा एक. लिंबू कापून रक्त दाखवणारा एक. प्रत्येक वेळी तिने जाऊन सांगितलं होतं, प्रत्येक वेळी गाव चार दिवस हसलं होतं आणि मग नवा कुणीतरी आला होता. आता तिला खरंच घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. पण शेजारी ही पोर पोट धरून बसली होती.

"तुला माहीत आहे का," ती म्हणाली, "काल मांडवात पांढरं पाणी कुणाकुणाचं झालं? मी रांगेत विचारून बघितलं. एक बाई हरमलची, एक म्हातारा तेरेखोलचा, दोघं तुमच्या केरीचे. सगळे समुद्राकाठचे. साखळी, मये, डिचोली, सगळी निर्मळ. पापी माणसं काय फक्त किनाऱ्यावर राहतात?"

सेजल पहिल्यांदाच थोडीशी हसली. "आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे गो. उन्हाळ्यात तर खारंच लागतं."

"तेच म्हणते मी."

रविवारी सुमंगला पुन्हा भावाच्या घरी आली. विनोदिनी तिच्याशी धड बोलत नव्हती. इस्पितळात नेलं म्हणून तिला राग होता.

"वन्सं, तुमचो सायन्स शाळेत. हंय आमचो देव आसा."

"बरं. मग तुझ्या देवाची परीक्षा नको, माझी घे. उद्या सकाळी तूच तुझ्या हाताने विहिरीचं पाणी काढ आणि दोन बाटल्या भर. दोन्ही तुझ्याच. एकीत मी तुझ्यादेखत कुलेरभर, एक चमचा मीठ घालते. दुसरीला हात लावत नाही. महाराजांना सगळं कळतं ना?"

"सगळा कळता."

"मग मीठ घातलेलंही कळेल. 'हे काय केलंस' म्हणून मला झापतील. मी सगळ्यांसमोर माफी मागेन आणि या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही."

विनोदिनीने विचार केला. तिची श्रद्धा खरी होती, म्हणून तिला भीती वाटली नाही. "चालात," ती म्हणाली.

सेजलकडे माहेरच्या पाण्याचा अर्धा कॅन शिल्लक होता. दुपारी दोघींनी ते मोठ्या टोपात उकळायला ठेवलं. आत मधोमध एक वाटी, टोपावर पालथं झाकण आणि झाकणात गार पाणी. वाफ झाकणाला लागून थेंबथेंब वाटीत पडत राहिली. संध्याकाळपर्यंत एक बाटली भरली. टोपाच्या तळाशी पांढरी खरपुडी उरली. सेजलने बोटाने ती चाटून बघितली.

"मीठच हे!"

"तुझ्या बापाचा दोष," सुमंगला म्हणाली.

सोमवारी मांडव पुन्हा फुललेला. दत्ताराम, विनोदिनी, सेजल, गौरेश सगळे पुढच्या रांगेत. महाराज आज जास्तच रंगात होते. "काही लोक म्हणतात पुरावा द्या! अरे, आईला पुरावा मागतोस का तू? हे सोनं बघ आणि डोळ्यांना पुरावा माग!"

सुमंगला पुढे झाली. पहिली बाटली दिली. भस्म पडलं, पाणी स्वच्छ राहिलं. झारी कलली, कोप सोन्याचा झाला. "निर्मळ घर! तीन पिढ्यांची पुण्याई!" टाळ्या पडल्या.

दुसरी बाटली. चिमूटभर भस्म पडलं आणि कोपात जणू कुणी ताक ओतलं. महाराजांनी डोळे मिटले. "घोर दोष. या विहिरीजवळ नागाची हत्या झालेली आहे. हे पाणी पिणाऱ्या घरात वंश टिकत नाही."

मांडव हळहळला. विनोदिनीचा चेहरा पांढरा पडला.

"महाराज," सुमंगला म्हणाली. तिला मोठ्याने बोलायची शाळेतली सवय होती, माइक लागला नाही. "दोन्ही बाटल्या एकाच विहिरीच्या आहेत. या माझ्या भावजयीने आज सकाळी एकाच कळशीतून भरल्या. फरक एवढाच की दुसरीत कुलेरभर मीठ आहे. तीन पिढ्यांची पुण्याई आणि नागाची हत्या, एकाच कळशीत?"

गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "खोटा सांगता ती!"

"खोटा नाय," विनोदिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला असावा. "मियाच भरलंय."

महाराज हसले. अशा माणसांना हसायला नेहमी वेळ असतो. "मीठ म्हणजे साक्षात लक्ष्मी! तिला फसवणुकीसाठी वापरलं, म्हणून देव कोपला. दोष विहिरीत नव्हता, या बाईंच्या मनात होता. तो पाण्याने दाखवला!"

काही जणांनी माना डोलावल्या. सुमंगलेला क्षणभर वाटलं, संपलं. इतक्या वर्षांत तिने हे नेमकं बघितलं होतं. यांची प्रत्येक थाप पकडली की लगेच दुसरी तयार असते.

तेवढ्यात सेजल उठली. तिने तिसरी बाटली चौरंगावर ठेवली. "हे केरीचं. ज्याला तुम्ही दोषी म्हणालात, तेच. मी फक्त उकळून त्याची वाफ धरली आहे. आता घाला भस्म."

महाराजांचा हात पुढे येईना. शिष्याने बाटली बाजूला सारली. "वेळ संपली, पुढचे या."

"घालात ना," मागून एक म्हातारा ओरडला. तो तेरेखोलचा होता. गेल्या सोमवारी त्याचं पाणी पांढरं झालं होतं. "घालात, आमका पण बघूक दी!"

मग सगळेच ओरडू लागले. महाराजांनी नाइलाजाने चिमूट टाकली. पाणी स्वच्छ राहिलं. सेजलनेच झारी उचलून कलती केली आणि केरीचं पाणी सोन्यासारखं पिवळं झालं.

विनोदिनी उठली, तो पिवळा कोप दोन्ही हातांत घेतला आणि महाराजांसमोर धरला. तिच्या आवाजात राग नव्हता, काकुळती होती.

"महाराज, तुमी प्या. माझी सून दोन म्हयने पिता. एक घोट तुमी घेवा, म्हणजे माझा मन शांत जाईत."

"साधकाला निषिद्ध आहे, माई."

"एकच घोट."

"निषिद्ध म्हणजे निषिद्ध!" महाराज ओरडले आणि उठले. रेशमी उपरणं चौरंगाला अडकून मागे राहिलं. माइक कानावर तसाच होता, त्यामुळे मांडवामागे शिष्याला "गाडी काढ" म्हणालेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

लोक मात्र जागचे हलले नाहीत. दत्तारामचा शेजारी यशवंत पुढे आला. तो खाणीवरच्या ट्रकांचं काम बघायचा, देवळाच्या कमिटीवरही होता. "बाई, ता ठीक आसा. पण सोना खंयसून आयला? दोन्ही पाण्यांक रंग नव्हतो."

सुमंगलेला खुर्ची हवी होती. तिने चौरंगाच्या कडेवर टेकून घेतलं. समोर प्रसादाच्या केळ्यांचं ताट होतं. तिने दोन केळी उचलली.

"समजा मी शिसं आहे. हे भस्म म्हणजे शिशाचं मीठ, लेड नायट्रेट. माझ्याकडे दोन केळी जास्तीची आहेत. ती दिल्याशिवाय मला स्वस्थता नाही. झारीतल्या पाण्यात आयोडीन आहे. यशवंत, तू आयोडीन. तुला एकाच केळ्याची भूक. घे."

यशवंतने घेतलं.

"माझ्याकडे अजून एक उरलं. मग?"

"आणखी एक आयोडीन होया," सेजल म्हणाली.

"दत्तारामा, ये." भावाने पुढे येऊन दुसरं केळं घेतलं. "झालं. एका शिशाला आयोडीन दोन. खऱ्यात केळी नसतात, इलेक्ट्रॉन असतात. देणाऱ्यावर धन प्रभार येतो, घेणाऱ्यावर ऋण. मी दोन दिले, म्हणून माझ्यावर अधिक दोन. यांच्यावर उणे एक, उणे एक. बेरीज शून्य. धन आणि ऋण एकमेकांना ओढून धरतात, आणि ही जोडी पाण्यात विरघळायला फारशी तयार नसते. म्हणून साका होऊन दिसते. रंग पिवळा. हे सोनं नाही, लेड आयोडाइड आहे."

"आणि पांढरा?"

"आपल्या जेवणातल्या मिठात सोडियम एक देतं, क्लोरीन एक घेतं. एकास एक. पण पाण्यात ते सुटे होऊन फिरतात. तिथे शिसं आलं, की क्लोरीन त्याला धरतं. तेही एकेकच घेणारं, म्हणजे पुन्हा एका शिशाला दोन. फक्त रंग पांढरा. समुद्राजवळच्या विहिरीत मीठ असतं, म्हणून भस्म टाकताच पांढरं. वाफ धरली, मीठ टोपात राहिलं, दोष गेला."

ती थांबली. तिचा आवाज बसला होता.

"एकाला दोन, हे प्रमाण महाराजांनी ठरवलेलं नाही. मीही नाही. कारापूर, केरी, पणजी, कुठेही तेच. शिशाला तुमचं गोत्र कळत नाही, तुमची सून कुठली तेही कळत नाही. पोटात गेलं की ते सारखंच विष आहे. ज्यांनी ज्यांनी हे प्यायलं त्यांनी आज रक्त तपासून घ्या. बाटल्या गटारात ओतू नका, आरोग्य खात्याच्या माणसाकडे द्या. हात जोडून सांगते."

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. काही जण सोन्याच्या बाटल्या पदराखाली घेऊन गेले. एक बाई म्हणाली, "पण माझो गुडघो बरो झालो तो?" तिला उत्तर द्यायला सुमंगलेत त्राण नव्हतं. महाराज त्याच दुपारी राज्याची हद्द ओलांडून गेले. पंचायतीने तक्रार दिली, नमुने घेतले गेले, पुढचं पुढे. सावंतवाडीच्या बाजूला कुणीतरी पाणी निळं करतो, असं काही आठवड्यांनी कानावर आलं.

सेजलचा रिपोर्ट वाईट आला, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. तिला इस्पितळात ठेवून घेतलं आणि शरीरातलं शिसं बांधून बाहेर काढणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मूल होण्याची घाई नको, आधी हे निघू दे, आणि नवऱ्याचीही तपासणी करा. ती तपासणी आजवर कुणाला सुचली नव्हती. गौरेश खाली मान घालून हो म्हणाला. इस्पितळात विनोदिनी रोज पेजेचा डबा घेऊन यायची, सुनेच्या शेजारी बसायची आणि फारसं बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या हातान दिलंय गो तुका." सेजलने तिचा हात धरला. माफ केलं की नाही, हे तिने सांगितलं नाही, आणि विनोदिनीनेही विचारलं नाही.

सुमंगला पुन्हा शाळेत जाऊ लागली. एक दिवस दुपारी सुट्टी झाल्यावर डिचोलीच्या बसस्टँडवर एक अनोळखी बाई तिच्याशेजारी येऊन बसली. तिने तिला कारापूरच्या मांडवात बघितलं होतं. तिच्या गावात एक बुवा आला होता, पिठाच्या गोळीने मुलांचा दमा घालवायचा. तिच्या नातवाला दमा होता.

"बाई, तुमी सांगा. ह्यो तरी खरो आसा मगो?"

सुमंगलेने पिशवी मांडीवर घेतली. तिला सगळ्या बुवांची सगळी गुपितं माहीत नव्हती, आणि प्रत्येकाच्या मांडवात जाण्याएवढं बळही आता उरलं नव्हतं.

"मला विचारू नका. मी किती ठिकाणी पुरणार? त्यालाच विचारा. गोळीत काय आहे, ते सगळ्यांसमोर सांग म्हणावं. एक गोळी डॉक्टरला दाखवायला मागा. आधी स्वतः खा म्हणा. आणि उत्तर मिळेपर्यंत पोराच्या तोंडात काही घालू नका. तुम्हाला दहावी पास असायची गरज नाही, विचारायला तोंड पुरतं."

बाई घुटमळली. "पण देवमाणूस. विचारल्यार रागावलो तर?"

"रागावला," सुमंगला म्हणाली, "तर समजा, उत्तर मिळालं."